भिंतीअलीकडची फुलं

विठ्ठलाच्या पायावर हात ठेवून सांगते, यातला एक शब्दही पदरचा नाही. गेल्या कार्तिकातली पहाट, बार्शीटाकळी, आमचंच अंगण.

शेजारच्या मनकर्णाबाईचा पारिजातक होता. बुंधा तिच्याकडे, पण अर्ध्या फांद्या भिंतीवरून आमच्याकडे. फुलं पडायची माझ्या अंगणात. वाकून वेचायची मी, ओवायची मी.

आणि सप्ताहात हार विठ्ठलाच्या गळ्यात पडला की कीर्तनकार महाराज म्हणायचे, "मनकर्णामायचा हार!"

दरवर्षी.

सासूबाई सांगायच्या, दुसऱ्याच्या झाडाचं फूल वाहिलं की पुण्य झाडवाल्याला. म्हणजे माझ्या रोजच्या पूजेचंही...

कीर्तनात डोळे मिटले तरी तेच टोचायचं.

शेवटी म्हटलं, "मनकर्णाबाई, फांद्या छाटा बरं तुमच्या. लय कचरा होते."

ती हसली. "फुलाचा कचरा कधीपासून व्हाले लागला वं जयवंता? सप्ताह होऊ दे, मंग काप."

दुसऱ्या दिवशी ती तपासणीसाठी अकोल्याला गेली.

मी कोयता घेतला. भिंतीअलीकडची एकूणएक फांदी उतरवली.

दुपारी अकोल्याहून फोन आला.

मनकर्णाबाई गेली...

तिसऱ्या दिवशी पहाटे अंगणात आवाज झाला.

टप...

टप...

दार उघडलं. वर मोकळं आभाळ, एक फांदी नाही.

खाली सडा. ओला. केशरी देठ वर केलेला.

"वाऱ्यानं आली असन," हे म्हणाले.

वारा नव्हता.

मी एका फुलाला हात लावला नाही. आंघोळीला गेले, आणि आतून ऐकलं... देवघरातली घंटी वाजत होती.

"अहो, पूजा तुमी करून राह्यले का?"

हे अंगणातून ओरडले, "मी तं दात घासून राह्यलो!"

देवघरात कोणी नव्हतं.

समई लागलेली. विठ्ठलाच्या पायाशी ओंजळभर पारिजातक...

वर्ष होत आलं. उन्हाळ्यात पारिजातक फुलत नाही म्हणतात. आमच्या अंगणात पडत होता. मी रोज थोडी लवकर उठते. रोज माझ्याआधी पूजा झालेली असते.

घर माझं. देव माझा.

आणि मी मागे उभी, हात जोडून... पाहुण्या बाईसारखी.