ड्रममागची जागा

संध्याकाळी धाकटा भाऊ अचानक दारात उभा राहिला, तेव्हा आईच्या ओठांशी धरलेला पेला ताईच्या हातून निसटता निसटता राहिला.

"तू? आज प्रयोग नाही का रे?"

"आहे. आता पडदा उघडलाही असेल." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी काल उठून आलो, ताई... प्रयोग अर्धा टाकून!"

गावोगाव फिरणाऱ्या त्या संगीत नाटकमंडळीचं बोलावणं खरं तर आलं होतं ताईलाच! पण त्याच सुमारास आईचं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि 'मला कंटाळा आलाय ड्रमचा' असं हसत खोटं सांगून तिनं आपल्या काठ्या भावाच्या हाती दिल्या. तो नावारूपाला आला; हळूहळू त्याचं घरी येणंही थांबलं. ती मात्र रोज प्रयोगाच्या वेळी आईच्या उशाशी बसून मनातल्या मनात वाजवत राहायची... तेवढंच तिचं सुख!

पेला ठेवून ती पलंगाच्या कडेला टेकली. "काय झालं, सांग तरी!"

"माझे हात थांबतात, पण ड्रम थांबत नाही! लोक टाळ्या वाजवतात आणि माझ्या अंगावर काटा येतो. काल काठ्या टाकून मी रंगमंचासमोर वादक बसतात त्या खड्ड्यातून बाहेर पडलो. मागे ठेका चालूच! वळून पाहिलं तर..." त्यानं तिच्याकडे बोट केलं. "माझ्या जागेवर तू बसली होतीस, ताई."

"वेडा आहेस का? मी इथं..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. आई डोळे विस्फारून ताईच्या मांडीकडे पाहत होती. मांडीवर ताईचे दोन्ही हात, तिच्या नकळत, लयीत उठत होते, पडत होते... आणि धुण्याभांड्यांमुळे आलेत असं ती समजत होती ते बोटांवरचे फोड फुटून ओले झाले होते!

भावानं झडप घालून तिची मनगटं धरली. त्याच्या मुठीतही ते हात ठेका धरत राहिले... मग एकदम थांबले.

"वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी सांगितलं मला, बोलावणं तुला होतं," तो हुंदके देत म्हणाला. "तुझं आयुष्य मी वाजवत बसलो, आणि तुला साधं भेटायलाही आलो नाही! आता तू जा. आईला मी बघतो."

"अरे, पण तुझं काम, तुझं नाव..."

"आईला कुशीवर कसं वळवायचं तेवढं दाखव, नि नीघ!"

तिनं असहायपणे आईकडे पाहिलं. कित्येक वर्षं मुके असलेले ते ओठ हलले.

"जा... गं."

दुसऱ्या संध्याकाळी, कधीच न पाहिलेल्या नाट्यगृहात, ताई ड्रममागे बसली. ही कोण, असं कुणीच विचारलं नाही. प्रमुखांनी स्वरलिपीची पानं सारखी केली आणि तिच्याकडे न बघताच, सवयीनं विचारलं, "काल मध्येच कुठं उठून गेलात, बाई?"