मागे जाणारी तारीख

अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या ऑफिसात सगळ्या लॅपटॉपांवर देखरेख ठेवणं हे माझं काम. प्रत्येक मॅनेजरला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजवावी लागते: लॅपटॉप सर्व्हरला हाक मारतो ती एक तारीख, आणि आपल्यात काय काय आहे ते मोजून कळवतो ती दुसरी, इन्व्हेंटरीची. पहिली आजची आणि दुसरी महिन्यापूर्वीची असली म्हणून लॅपटॉप बिघडलाय असं होत नाही. मॅनेजर मान डोलावतात आणि पुढच्या सोमवारी तेच विचारतात.

इन्व्हेंटरीची तारीख अडकते, मागे मात्र जात नाही. मागे जायची ती आमची ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारं सरकारी बुलेटिन दर महिन्याला यायचं, कधीकधी ती तारीख आधीपेक्षाही मागची असायची, आणि शेजारच्या टेबलावरचा श्रीरंग ते वाचून शिवी हासडायचा. सात वर्षं रांगेत होता बिचारा. नोकरी बदलायची सोय नाही. वडील गेले तेव्हासुद्धा, परत येऊ दिलं नाही तर, या भीतीने तो पुण्याला गेला नाही. त्याच्या टेबलावर मुलीचा फोटो असे: तीन वर्षांची ऋता तळ्याकाठी तिचाकी सायकलवर, मागे तिची आई शोभना.

२००८च्या ऑक्टोबरात त्याच्या लॅपटॉपची इन्व्हेंटरी जूनची दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी मार्चची. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. त्याने कधीच काढून टाकलेले प्रोग्रॅमही यादीत परत आले होते. मी त्याला सांगितलं.

"इथेही मागे ढकललं का मला, यार?" म्हणाला आणि हसला.

पुढच्या आठवड्यात तारीख २००६ वर गेली. फोटोतली ऋता शोभनाच्या कडेवर होती. फोटो कधी बदललास, असं विचारलं तर म्हणाला, तोच तर आहे. मी स्वतःची समजूत घातली. माझा अमेय तेव्हा सात महिन्यांचा, झोपेचं खोबरं झालेलं. डोळ्यांवर किती विश्वास ठेवणार?

मग तारीख २००४ वर आली.

फोटोत तळ्याकाठी शोभना एकटीच उभी होती.

"ऋता कशी आहे?" मी विचारलं.

"कोण ऋता?"

त्याने डबा पुढे केला. "पेढे घे, मृणालिनी. कार्ड आलं. सुटलो एकदाचा."

ऋता झाली तेव्हा याच डब्यातून त्याने बर्फी वाटली होती. मी चार जणांना विचारून पाहिलं. ऋता कुणालाच आठवत नव्हती. मला त्याचा संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. पेढा मी खाल्ला.

सोमवारी वकिलाची ईमेल आली. माझी ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकली होती.

मी सर्व्हर उघडला. माझ्या लॅपटॉपची इन्व्हेंटरी जुलैची होती. अमेयचा जन्म मार्चचा.

तशीच उठून घरी आले. दार नवऱ्याने उघडलं, अमेय त्याच्या खांद्यावर झोपला होता.

ऑगस्टमध्ये आखूड झालं म्हणून मी बांधून ठेवलेलं झबलं त्याच्या अंगात होतं.

नीट बसलं होतं.