भरलेली वाटी

कॅनरी पाळणाऱ्या नवख्या माणसाची एक चूक ठरलेली असते. पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. वाटी भरलेली दिसते, माणूस निर्धास्त कामाला जातो, आणि दोन दिवसांनी पिंजऱ्याच्या तळाशी उपाशी मेलेला पक्षी सापडतो. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला शिकवलं होतं : वाटीवर फुंकर मारायची. टरफलं उडून जातात, खरं काय ते उरतं.

चाळीस वर्षं अशी फुंकर मारणाऱ्या बाबांना गेल्या वर्षी जिन्याच्या पाच पायऱ्या चढवेनात. पक्ष्यांची धूळ त्यांच्या फुप्फुसांना बाधली होती.

"पक्षी किंवा तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांना एका घरात राहता येणार नाही."

"मग पक्षी राहू देत. ते तरुण आहेत."

"बाबा, पुरे."

सात कॅनरी आणि चार फिंच बाबांच्या मित्राकडे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. मी पक्ष्यांची खोली दोनदा धुतली, भिंतींना रंग दिला. भिंतीत बसवलेला मोठा पिंजरा तेवढा निघेना, म्हणून घासूनपुसून तसाच ठेवला. बाबांना त्या खोलीत जायची सक्त मनाई होती.

त्यातल्या धुतलेल्या वाटीत मी राळ्याचे दाणे भरून ठेवले होते, हे आठवड्यानं लक्षात आलं. वाटी भरली त्याच्या आदल्या दिवशीच पक्षी गेले होते. हातांना ते कळलं नव्हतं. वाटी काठोकाठ भरलेली होती. मी सवयीनं फुंकर मारली.

सगळं उडून गेलं. तळाला एकही दाणा उरला नव्हता.

आधी उंदीर मनात आला. पण उंदीर दाणा कुरतडतो. ही टरफलं मधोमध उकललेली होती, चोचीनं उकलतात तशी. खिडकीला जाळी होती आणि जाळी शाबूत होती.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी एक छोटा वजनकाटा होता. सकाळी वीस ग्रॅम राळे ठेवले. दुसऱ्या सकाळी टरफलांसकट सोळा भरले. तिसऱ्या सकाळी नव्यानं वीस ठेवलेल्यांचे पुन्हा सोळा. एक कॅनरी दिवसाला साधारण तेवढंच खाते.

मी काकांच्या दुकानात गेले.

"अकराही आहेत ना, काका?"

"आहेत की! आता परत मागायला आलीस तर दार लावून घेईन हं."

त्यांनी एकेक पक्षी हातात घेऊन पायातल्या कड्यांवरचे आकडे वाचून दाखवले. सगळे आमचेच होते.

बाबा मात्र सुधारत होते. बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवरून चौऱ्याण्णव झाला, मग शहाण्णव. दोन महिन्यांनी मी ठरवलं की हा वेडेपणा आता पुरे. वाटी रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव.

तिसऱ्या दिवशी एकोणनव्वद. बाबा खिडकीशी बसले होते. प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते.

"काही नाही गं. हवा जड आहे आज."

मी त्या खोलीत गेले आणि वाटी भरली. संध्याकाळी ब्याण्णव होते. दुसऱ्या सकाळी पंचाण्णव.

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मला ठाऊक आहे. प्रयोग पुन्हा करून पाहावा, हेही मला शिकवलेलं आहे.

मी केला नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीला बाबांना नळीत फुंकायला लावलं. फुंका, फुंका, अजून, म्हणता म्हणता डॉक्टरीणबाईच थकल्या.

"अहो, कुणी शिकवलं एवढं फुंकायला?"

"पोट भरायचं असतं ना त्यांचं," बाबा म्हणाले.

बाई हसल्या. फुप्फुसं जवळजवळ स्वच्छ होती. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "घरात पक्षी नाहीत ना आता?"

"नाहीत," मी म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि मी खोटंही बोलले नव्हते.

बाबा दोन मजले न थांबता चढले. वर पोचून शीळ घातली आणि मी मागे राहिले म्हणून मला चिडवलं. मी जिन्यातच बसून थोडी रडले. किती महिन्यांनी, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी काट्यावर बारा ग्रॅम भरले.

मी काटा शून्यावर आणला, पुन्हा तोललं. बाराच. रोजच्यासारखे चार ग्रॅम गेले नव्हते, आठ गेले होते. त्याच्या पुढच्या दिवशीही आठ.

माळ्यावरून मी वेताचं जुनं घरटं काढलं, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात टांगलं आणि खाली थोडा कापूस ठेवला. दोन दिवसांत कापूस संपला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. बाबांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडून सात महिने झाले होते.

आठवडा गेला. सकाळी मी डबा भरत होते. बाबा चष्मा पुसत होते, बोटाला यंत्र होतं. सत्त्याण्णव.

"पंधरा दिवसांनी रोज थोडं अंडं उकडून, कुस्करून ठेवत जा," ते म्हणाले. "पिल्लांना कोरडा दाणा चालत नाही."

मी डब्याचं झाकण लावलं.

"किती उकडू?" मी विचारलं.

"एक पुरे," बाबा म्हणाले. "या वेळी तिनं चारच घातलीत."