वासंतीबाईंचं विरजण

चिखलदऱ्याच्या त्या रिसॉर्टच्या फाटकावर कोणाच्या बॅगा तपासल्या जात नव्हत्या. तपासणी होती ती बरण्यांची. आरोग्य-ब्लॉगरांचं नववं शनिवार-रविवार संमेलन होतं, आणि आलेल्या एकशे ऐंशी जणांपैकी प्रत्येकाच्या हातात, काखेत किंवा बर्फाच्या डब्यात एक बरणी होती.

"नाव नीट चिकटवा हो," नोंदणीच्या टेबलावरच्या बाई प्रत्येकाला बजावत होत्या. "मागच्या वर्षी दोन बरण्यांची अदलाबदल झाली आणि नागपूरचे एक योगशिक्षक तीन महिने शेवभाजी मागत फिरत होते."

लोक हसले. पण प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

दही बिघडलं की वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. त्या वाटीतून शेजारणीची आवडनिवडही आपल्या घरात येईल, असं मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. प्रत्येक जातीचं खाणं वेगळं, आणि आपलं खाणं आपल्याला मिळावं म्हणून ते मेंदूकडे निरोप धाडत असतात. आपल्याला जिलबी हवीशी वाटते तेव्हा ती आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त हवी असते. हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी पुढची पायरी गाठली. निरोगी माणसाच्या आतड्यातले जंतू त्यांनी साध्या दह्यात रुजवले. या दह्याला नाव मिळालं रुचिविरजण. चाळीस दिवस सकाळी अनशापोटी एक चमचा खायचं. एकेचाळिसाव्या दिवशी वडापावच्या गाडीवरून माणूस सरळ पुढे जातो आणि घरी येऊन दुधीची भाजी आवडीनं खातो. मनोनिग्रह हा शब्द त्यानंतर निबंधापुरताच उरला.

त्यामुळे आरोग्याचे ब्लॉग लिहिणाऱ्यांचं कामही बदललं. पूर्वी ते पाककृती द्यायचे, आता स्वतःचं विरजण द्यायचे. वाचक आधी वर्षभर ब्लॉग वाचायचे, माणूस पारखायचे आणि मग विरजण मागायचे. संमेलनाच्या पहिल्या सकाळी सगळ्यांनी आपापलं विरजण एकमेकांना चमचाभर द्यायचं, अशी प्रथाच पडली होती.

यंदा मात्र देवाणघेवाण झालीच नाही म्हटलं तरी चालेल. बहुतेक बरण्यांमध्ये एकच विरजण होतं, अमरावतीच्या वासंती इंगोले यांचं.

वासंतीबाई चोपन्न वर्षांच्या. पोस्टातून लवकर निवृत्ती घेतलेली, अंगानं सडसडीत, साडी कायम फिक्या रंगाची. त्यांचा 'साधं ताट' हा ब्लॉग दोन लाख घरांत वाचला जायचा आणि तितक्याच घरांत त्यांचं दही लागायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, चित्रकलेचे शिक्षक, वर्गात शिकवता शिकवता गेले. त्यानंतर वासंतीबाईंनी गोड खाल्लं नाही. चौदा किलो वजन उतरलं, साखर जाग्यावर आली, झोप घड्याळासारखी झाली. हा सगळा नियम त्यांनी ब्लॉगवर लिहिला आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांना स्वतःलाही तो नियमच वाटत होता.

दुपारी जेवणं झाली. चिखलदऱ्याला येऊन रबडी न खाणं म्हणजे देवळात जाऊन पाया न पडणं. म्हणून रिसॉर्टच्या आचाऱ्यानं पाहुण्यांना सरप्राइज म्हणून मोठं पातेलंभर रबडी केली होती. एकशे ऐंशी माणसं त्या पातेल्यावरून गेली. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी "नको रे बाबा, मोह होतो" असंही म्हटलं नाही. आचारी बिचारा झारा हातात धरून उभाच राहिला.

वासंतीबाईंच्या शेजारी ओजस्वी पाठक बसली होती. नाशिकची, सव्वीस वर्षांची, धावण्यावर लिहिणारी. गेल्या संमेलनात तिनं सगळ्यांना साखरपुड्याची अंगठी दाखवून भंडावून सोडलं होतं.

"लग्नाची तारीख काय मग?" वासंतीबाईंनी विचारलं.

"मोडलं ताई," ओजस्वी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली.

"काय सांगून राहिली! भांडण झालं?"

"नाही, नचिकेत चांगलाच आहे. मलाच नको वाटलं. म्हणजे नको असंही नाही, हवं वाटेना. एक विचारू? संध्याकाळी तुम्हाला कधी असं वाटतं का, की कोणीतरी यायचं राहिलंय? मला रोज वाटतं. कोण, ते काही कळत नाही."

वासंतीबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांना रोज संध्याकाळी तेच वाटत असे, आणि कोण यायचं राहिलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जेवणानंतर डॉ. हेमांगी बुरांडे त्यांना कॉफीच्या झुडपांजवळच्या बाकावर घेऊन गेल्या. या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. संमेलनात त्यांचं भाषण नव्हतं, त्या वासंतीबाईंनाच भेटायला पुण्याहून आल्या होत्या.

"ताई, तुमची साखर, रक्तदाब, झोप सगळं उत्तम आहे. मला फक्त एवढं सांगा, तुम्हाला शेवटचं काय खावंसं वाटलं होतं?"

"मी वेळेवर खाते न."

"ते नाही विचारलं मी."

वासंतीबाईंनी आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काही सापडेना.

"आतडं आणि मेंदू यांच्यामध्ये एक मोठी नस आहे," डॉक्टर सांगू लागल्या. "निरोप दोन्हीकडून जातात. माणसाला जबर दुःख झालं की पोटाला लगेच कळतं. पाचकरस बदलतात, आतडं मंदावतं. त्या वातावरणात पुष्कळ जंतू मरतात, पण एक जात फोफावते. ती एक द्रव्य सोडते, आणि त्या द्रव्यानं मेंदूतलं 'हवंसं वाटणं' मंद होतं. गोड नको, गाणं नको, माणसं नकोत. मी दहा वर्षं दुखवट्याच्या घरांमधून नमुने गोळा केलेत. माझे विद्यार्थी तिला शोकजंतू म्हणतात. नाव मला आवडत नाही, पण चिकटलं."

"म्हणजे ज्याच्या घरी कोणी गेलं, त्याच्या पोटात हे असतं?"

"काही महिने. मग लोक येतात, आग्रह करतात, माणूस चवीनं चार घास खायला लागतो. इतर जंतू परततात आणि ही जात मागे हटते. आपल्याकडे तेराव्याला गोड जेवण घालतात ते अगदीच उगाच नसावं."

"मी त्या दिवशी ताटावरून उठली होती," वासंतीबाई हळूच म्हणाल्या.

"आणि मग सहा वर्षं तिला मानवेल तेवढंच खाल्लंत. वजन उतरलं, आकडे सुधारले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चूक तुमची एकटीची नाही. तुमचं विरजण प्रयोगशाळेत तपासलं होतं, मीच सही केली होती. तेव्हा आम्ही साखर मोजली, चरबी मोजली. बाई सुखात आहे का, हे कोणी विचारलंच नाही."

 नियम म्हणून जे सहा वर्षं मिरवलं, तो नियम नव्हताच, हे वासंतीबाईंना फार लागलं. आणि मग त्यांना ओजस्वी आठवली.

"त्या पोरीला जे होऊन राहिलं..."

"ते तुमचं आहे. दोन लाख घरांत सुतक आहे ताई, आणि गेलेलं कोणीच नाही."

"मग सांगून टाकू उद्या. बंद करा म्हणा माझं विरजण."

"सांगा. पण ज्याला काही हवंसंच वाटत नाही, त्याला बरं होणं तरी का हवंसं वाटेल? मी तीसजणांना सांगून पाहिलं. सगळे म्हणाले, 'हो का? बरं.' आणि दुसऱ्या सकाळी तोच चमचा. त्यांना सवय एकच आहे, तुम्ही कराल ते करायची. आणि नुसतं थांबून भागत नाही. ही जात हुसकायला दुसरे जंतू पोटात घालावे लागतात. ते आधी तुम्ही खाल्ले तरच ते खातील."

डॉक्टरांनी पिशवीतून एक छोटी बरणी काढली.

"कोणाचं आहे?"

"आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनच्या आचाऱ्याचं. भागुजी नाव. भजी तळताना मोठमोठ्यानं गातो."

"तब्येत?"

"शंभरेक किलो असेल. साखर जराशी जास्त आहे."

वासंतीबाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "मग आमचे हे?" त्यांनी विचारलं. "चाळीस दिवसांनी हे मला आठवतील का?"

"आठवण मेंदूत असते, ती कुठे जात नाही."

"तसं नाही विचारून राहिली मी. आता आठवण आली की घास उतरत नाही माझा. तेव्हा उतरेल?"

डॉक्टर खोटं बोलू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "उतरेल."

"म्हणजे सहन होईल."

"हो."

"सहा वर्षांत त्यांचं म्हणून माझ्याजवळ एवढंच उरलं होतं हो," वासंतीबाई म्हणाल्या, आणि बरणीकडे न बघता खोलीकडे निघून गेल्या.

रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही. यजमान कसे गेले ते सांगितलं, ताटावरून उठल्या तो दिवस सांगितला, डॉक्टरांनी सांगितलं तेही जसंच्या तसं सांगितलं. "तुम्ही माझा संयम म्हणून जो खाल्ला, तो माझा शोक होता," त्या म्हणाल्या. "माफ करा मला."

सभागृहात कोणी चिडलं नाही, कोणी रडलं नाही. मागून एक गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "ठीक आहे ताई. पण आकडे चांगलेच आहेत ना?" दोघाचौघांनी माना डोलावल्या. ओजस्वी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि ते पाहून वासंतीबाईंचा निश्चय झाला. यजमान त्यांचे गेले होते. या पोरीचा माणूस तर नाशकात जिवंत होता.

त्यांनी डॉक्टरांकडून भागुजीची बरणी मागून घेतली, झाकण काढलं, चमचा भरला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. दही आंबट होतं. डॉक्टरांनी सोबत आणलेल्या तसल्याच बरण्या लगेच फिरवल्या, आणि एकशे ऐंशी माणसांनी मुकाट्यानं एकेक चमचा तोंडात घातला. त्याच दिवशी वासंतीबाईंनी ब्लॉगवर सगळं लिहिलं आणि वाचकांनाही तेच करायला सांगितलं. भागुजीच्या दह्याला इतकी मागणी आली की डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत दुधाचे कॅन ठेवायला जागा पुरेना.

घरी आल्यावर वासंतीबाईंनी जुनं विरजण फेकून दिलं. एक वाटीभर मात्र फ्रीझरमध्ये राहू दिलं, स्वतःसाठी. न जाणो, यजमानांचं जाणं सहन होणंच सहन झालं नाही तर?

चाळीस दिवस सरले. त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी ओजस्वीचा फोन आला. ती हमसून हमसून रडत होती.

"ताई, मला नचिकेतशी लग्न करायचं होतं हो! मी काय करून बसले?"

"अगं, मग फोन लाव न त्याला."

"लावला. मागच्याच आठवड्यात त्याचा दुसरीकडे साखरपुडा झाला. मला भूक लागते, गाणी ऐकावीशी वाटतात, सगळं हवंहवंसं वाटतं आणि प्रत्येक गोष्टीत तोच आठवतो." तिनं नाक पुसलं. "ताई, आधी काहीच दुखत नव्हतं. तुमचं जुनं विरजण थोडं असेल का? चमचाभर पुरे."

या आठवड्यातला असा हा अकरावा फोन होता. कोणाची नोकरी सुटली होती, कोणी आईच्या आजारपणात भेटायला गेलं नव्हतं. काहीही नकोसं असताना जे जे हातातून निसटलं, ते आता एकेक करून आठवत होतं आणि लोकांना ते पेलवत नव्हतं. आधीच्या दहा जणांना वासंतीबाईंनी सरळ नाही म्हटलं होतं. ओजस्वीसाठी मात्र त्या उठल्या. फ्रीझर उघडून त्यांनी वाटी बाहेर काढली आणि ती हातात धरून ओट्याशी उभ्या राहिल्या.

"नाही गं बेटा," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळं फेकलं मी." आणि खोटं बोलणं खरं व्हावं म्हणून त्यांनी वाटी नळाखाली धरली.

"तुम्हाला नाही वाटत परत तसं व्हावंसं?" ओजस्वीनं विचारलं. "तुमचं तर माणूसच गेलं."

वासंतीबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या सकाळी यजमानांच्या फोटोला हार घालताना त्यांना त्यांचा एक जुना विनोद आठवला होता. त्या एकट्याच हसल्या होत्या आणि मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी शिरा केला होता. दोनदा वाढून घेतला होता. चवीला वेलदोडा कमी पडला, एवढंच काय ते मनात आलं होतं.

"नाही वाटत," त्या म्हणाल्या. "परवापर्यंत वाटत होतं. आता नाही वाटत."

आणि त्यांचा आवाज फुटला. नवरा गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, त्यानंतरच्या सहा वर्षांतही नाही. आज दुपारी, फोन कानाला धरून, त्या पहिल्यांदा रडल्या, कारण तो गेला होता आणि तरीही त्यांना जेवण गोड लागलं होतं.