चौथ्या मजल्यावरचं दुसरंच घर

तियानानं गाडीचं दार उघडलं, आत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि स्टिअरिंगवरच्या मुलाला विचारलं, "व्हाल्येवोला ना?"

मुलानं तिच्याकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"वाटेत लागतं," तो म्हणाला.

नोवी सादच्या बसस्थानकाबाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्या पावसात लाल रंगाच्या दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. तियानानं फोनवरून भाड्यानं जागा ठरवली होती ती दुसऱ्या गाडीत. हे बाईसाहेबांना कळलं रुमा गावाशी आल्यावर, खऱ्या गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा. तो बिचारा अजून स्थानकाबाहेरच तिची वाट बघत होता.

"तू बोलला का नाहीस?" फोन ठेवून ती म्हणाली. कान तापले होते तिचे.

"काय बोलायचं? व्हाल्येवोला ना, म्हणालीस. रस्ता तिकडूनच जातो. मी उझित्सेला चाललोय, शाळेतल्या मित्रांकडे."

"कुणीही येऊन बसलं तर घेऊन जातोस?"

"कुणीही नाही..." त्यानं वायपर उगाच जोरात केला. "रुमाला बस मिळेल. थांबवू?"

तियाना थांबव म्हणाली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्याचं नाव रास्तको. बेलग्रेडला स्थापत्य शिकत होता, नोवी सादला बहिणीकडे आला होता, आणि हसू आलं की ते दाबायला खालचा ओठ चावायचा. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं सोपं असतं म्हणतात. सावा नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत तियानानं त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

वुकाशिन तिचा शाळेतला मित्र. त्याच्या घराण्याचा संत निकोला, म्हणजे त्यांची स्लावा, घराण्याच्या संताचा सण, एकोणीस डिसेंबरला, आजच. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. जे आपले असतात ते आपणहून येतात. सहा वर्षं सगळी टोळी त्याच्याकडे जेवायला जमायची. कॉलेजमुळे पांगापांग झाली तरी हा दिवस कुणी चुकवला नव्हता. आणि गेल्या आठवड्यात वुकाशिनचा निरोप आला होता... यंदा आलीस तर मी होकार समजेन.

"आणि नाही गेलीस तर?"

"तर मैत्री संपली. स्लावाला न जाणं म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला हवं का?"

"चांगलंच कोंडीत पकडलंय तुला."

"त्याला काही बोलू नकोस. तो फार चांगला आहे."

"मी कुठे वाईट म्हणालो? तुला आवडतो तो?"

तियानानं काचेवर साचलेली वाफ बोटानं पुसली. "आवडतो. म्हणजे... आवडतोच. पण होकार म्हटलं की पोटात गोळा येतो. प्रेमात येतो का रे असा गोळा?"

"मला येतो तेव्हा बहुतेक भूक लागलेली असते."

ती हसली. खळखळून हसली, आणि मग स्वतःवरच चिडली. तासाभरानं एकाला होकार द्यायचा आणि आत्ता दुसऱ्याच्या विनोदाला हसायचं, हा काय प्रकार आहे?

वुकाशिनच्या घरचे उन्हाळ्यात गावाबाहेरच्या नव्या इमारतीत राहायला गेले होते. तिसरा जिना, चौथा मजला, एवढंच त्यानं कळवलं होतं. पण पोचल्यावर बघतात तर तिथे एकसारख्या चार इमारती होत्या. पहिल्याच इमारतीत, तिसऱ्या जिन्यानं चौथ्या मजल्यावर एक दार सताड उघडं होतं, बाहेर जोड्यांचा ढीग होता आणि तळलेल्या माशांचा वास जिनाभर सुटला होता. आणखी काय विचारायचं?

पिशवी वर पोचवून रास्तको निघणार होता. पण दारातल्या गलेलठ्ठ काकांनी दोघांनाही आत ओढलं, गालांवर तीन-तीन मुके घेतले. काकूंनी उकडलेल्या गोड गव्हाचं ताट पुढे केलं. दोघांनी चमचा-चमचा खाल्ला आणि बघता बघता दोघं माशाच्या सुपापुढे बसलेली. वुकाशिन पाव आणायला गेला असेल, त्याचे आई-बाबा आत असतील, हे काका-मामा असतील, असं तियानाला वाटलं. यजमानांना वाटलं, नातवाचे मित्र असतील. स्लावाच्या दिवशी 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची कुणाची छाती?

"किती दिवस झाले तुमचं जमून?" काकूंनी घेवड्याची वाटी सरकवत विचारलं.

"नाही नाही काकू, आम्ही..."

"सकाळपासून," रास्तको गंभीरपणे म्हणाला.

सगळं टेबल हसलं. तियानानं त्याला टेबलाखालून लाथ मारली आणि विषय बदलायला विचारलं, "वुकाशिन कुठे गेलाय?"

"कोण वुकाशिन?" काका म्हणाले. "आमच्याकडे वुकाशिन नाही, पोरी. मासा आहे. खा."

तियानाचा चमचा हवेतच राहिला. लाज वाटली, भयंकर वाटली. पण पोटातला तो गोळा, आठवडाभर बसलेला, एकदम सुटला. हे त्याचं घर नाही, या एका गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की रडू फुटायचं बाकी होतं.

"मी किती वाईट आहे," जिन्यात ती रास्तकोला म्हणाली. "घर त्याचं नाही म्हणून मला बरं वाटलं."

रास्तको या वेळी ओठ चावत नव्हता. "वाईट नाहीस. पण हे त्याला सांगावं लागेल. आजच."

"तू जा आता. तुझे मित्र थांबले असतील."

"हो," तो म्हणाला, आणि थोडं जास्तच थांबून गेला.

खरं घर शेजारच्या इमारतीत निघालं; संत निकोला अर्ध्या गावाचाच कुलसंत होता. पांढरा सदरा घातलेला वुकाशिन दारात गव्हाचं ताट घेऊन उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला की तियानाला वाटलं, गप्प बसावं. तिनं चमचा घेतला नाही.

"आधी ऐक. मी आलेय, पण तू समजतोस तशी नाही. मैत्रीण म्हणून आलेय. तेवढीच. फार वाईट वाटतंय मला."

आतून जुन्या टोळीचा हसण्याचा आवाज येत होता. वुकाशिननं एका हातानं दार मागून ओढून घेतलं.

"मी तसं लिहायला नको होतं," तो म्हणाला. "तू येणारच नाहीस या भीतीनं झोप उडाली होती माझी. घे, गहू घे."

तिनं घेतला. डोळे दोघांचेही भरले होते.

दिवसभर यजमानानं बसायचं नसतं, म्हणून वुकाशिन फिरून वाढत होता. तासाभरानं तो खिडकीपाशी थबकला आणि हळूच तिच्याजवळ आला.

"खाली एक लाल गाडी उभी आहे. आतला माणूस सारखा वर बघतोय. तुझ्याबरोबर आलाय?"

"हो. म्हणजे... नाही. मला माहीत नाही, वुकाशिन."

त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला. मग मासा आणि घेवडा वाढून ताट तयार केलं, वर दुसरं ताट झाकलं. 

"नेऊन दे. आज माझ्या दाराशी कुणी उपाशी बसलेलं मला चालणार नाही."

रास्तकोनं काच खाली केली.

"गेला नाहीस?"

"गेलो होतो. उझित्सेच्या वळणापर्यंत. मग परत आलो."

"कशाला?"

"ते ठरवायचं राहूनच गेलं."

ती शेजारी बसली, ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. "वुकाशिननं दिलंय. तू जेवलायस हे सांगायचं धाडस झालं नाही मला."

रास्तकोनं ताटाकडे पाहिलं, मग वरच्या खिडकीकडे. "त्याला कळलं?"

"माझ्याआधी कळलं," तियाना म्हणाली, आणि काटा त्याच्या हातात दिला.