चार इंचांची फट

भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. तडा तसूभर सरकला तरी काच फुटते. भूकंपाला तीन आठवडे झाले तेव्हा इंजिनिअरबाई रिकाम्या वाचनालयाच्या कोपऱ्यात अशाच पट्ट्या लावत होती.

इमारत काटकोनी. दोन लांब पंख कोपऱ्यात एकमेकांना घट्ट जोडलेले. आराखडा तिच्या थोरल्या भावाचा, मजबुतीचं गणित तिचं. तेव्हाच ती म्हणाली होती, "दादा, पंख वेगळे कर. मध्ये चार इंच फट सोड. जमीन हलली की दोघं दोन दिशांना ओढणार आणि कोपरा फाटणार."

"अगं, माझ्या इमारतीला मीच चीर पाडू?" दादा हसला होता. शेवटी तिनं आराखड्यावर मुकाट सही केली.

कोपरा फाटला तेव्हा दादा तिथल्याच जिन्यात होता.

'मी सांगितलं होतं' हे तिनं कुणालाच ऐकवलं नाही. वहिनीनं मात्र दादाच्या तेराव्याला सगळ्यांसमोर विचारलं, "सही तुझीच ना?"

पट्ट्या लावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या काचा फुटलेल्या. जमीन हलली नव्हती. वेधशाळेत एका धक्क्याचीही नोंद नव्हती. तिनं नव्या लावल्या. त्याही फुटल्या. तडा रोज रुंदावत होता, पण वेडावाकडा नाही. छतापासून पायापर्यंत सरळ, ओळंब्यात.

"काका, आत कुणी येतं का?"

पहारेकऱ्यानं कुलूप दाखवलं. "चिटपाखरू नाही, बाई. दुपारचं काहीतरी घासल्यासारखं वाजतं. मी नाही तिकडे फिरकत."

नवव्या दिवशी भर दुपारी तिनं टेप लावला. वर चार इंच. मध्ये चार इंच. खालीही चारच.

फाटक्या काँक्रीटच्या कडा कुठं दिसेनात. त्यांवर गुळगुळीत गिलावा चढला होता. तिनं बोट टेकवलं.

ओला.

तिनं फटीत बॅटरी मारली. थापीचे फटकारे आत आत गेले होते, माणसाचा हात पोचणार नाही तिथवर.

तिला रडू आलं नाही. संताप आला.

"आता कशाला, दादा?"

फटीतला घासण्याचा आवाज थांबला. इतका वेळ तो चालू होता, हे तिला तेव्हाच कळलं.

मग थापी पुन्हा फिरू लागली. या वेळी अगदी तिच्या बोटांजवळ.