गोटूची दोन उत्तरं

प्रकाश म्हणजे लाट की दाणा? या एकाच प्रश्नाची यंत्रमानव गोटूने प्रयोगशाळेतल्या पडद्याकडे बघून दोन उत्तरं दिली होती. सोमवारी म्हणाला, लाट. मंगळवारी म्हणाला, दाणा. आणि चंद्रावरच्या त्या वसाहतीचा नियम होता, की उत्तरं बदलणाऱ्या यंत्रमानवाची स्मृती पुसून टाकायची. जेवणं आटोपली की यंत्रमानवांची देखभाल करणारे लोबोकाका पेचकस घेऊन येणार होते.

चंद्रावरचं ते उड्या मारत चालणं ऋजुताला गोटूनेच शिकवलं होतं. ती ताटातला वरण-भात नुसता चिवडत होती.

"आजोबा, गोटू खोटारडा आहे का हो?"

प्रकाशाचा अभ्यास करता करता आजोबांचे केस पिकले होते. ते ताटावरून उठले. "चल, प्रकाशालाच विचारू."

प्रयोगशाळेत अंधार केला. एका पत्र्याला दोन बारीक चिरा होत्या. आजोबांनी दिवा इतका मंद केला, की एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशाचा दाणा) सुटावा. पलीकडच्या पडद्यावर एक टिंब उमटलं. मग दुसरं, कुठेतरी लांब.

"दाणेच आहेत," ऋजुता पुटपुटली.

"दम धर जरा."

टिंबं वाढत गेली आणि कुणी न काढताच रांगोळी उमटावी, तसे उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे दिसू लागले. ऋजुता पडद्याच्या अगदी जवळ गेली. दोन चिरांतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या तरच असे पट्टे उमटतात (याला व्यतिकरण म्हणतात). पण इथे तर एकेकटा दाणा येत होता. तो मिसळला कुणाशी?

"कुठल्या चिरेतून जातो ते बघू या की. वरण-भात कालवल्यासारखं वाट आणि पट्टे, दोन्ही एकदम कळेल." तिने पडदा कोरा केला आणि दाणा कुठून गेला ते टिपणारा चिरांजवळचा शोधक चालू केला.

या वेळी पट्टे आलेच नाहीत. नुसता पसरट डाग.

"मी बिघडवलं," ती म्हणाली.

"नाही गं बाळा. वरण आणि भात पूरक, म्हणजे एकमेकांना पुरं करणारे. ते एका घासात मावतात. प्रकाशाचं तसं नाही. वाट विचारलीस तर तो दाण्यासारखा वागतो, लाटेचे पट्टे जातात. पट्टे हवे असतील तर वाट विचारायची नाही. एका मांडणीत दोन्ही मिळत नाहीत, तरी एकावाचून दुसरं अपुरं. विज्ञानातली पूरकता ती ही."

"शोधक आणखी चांगला केला तर?"

"तरीही नाही. शोधकाचा दोष नाही. जगच असं आहे."

दार सरकलं. लोबोकाका आत आले, मागे मान खाली घातलेला गोटू.

"शेवटचं विचारतो रे. लाट की दाणा?"

गोटू काही बोलायच्या आत ऋजुता मध्ये आली. "काका, आधी सांगा, शोधक चालू ठेवू की बंद?"

तिने दोन्ही करून दाखवलं. काकांनी स्वतः शोधक एकदा बंद केला, पुन्हा चालू केला.

"म्हणजे दोन्ही उत्तरं खरी?"

"आपापल्या मांडणीत," ऋजुता म्हणाली. "सोमवारी शोधक बंद होता आणि मंगळवारी चालू, हो ना रे, गोटू?"

"होय ताई. मला वाटलं, मीच बिघडलोय."

काकांनी पेचकस खिशात घातला. "आणि मी याचं डोकं उघडायला निघालो होतो."

परतताना खिडकीत निळी पृथ्वी लटकली होती. ऋजुता थबकली. "आजोबा, असे आणखी किती प्रश्न आपण अर्धेच विचारतोय?"

"ते तू मोठी होऊन मला सांग."

ताटातला वरण-भात गार झाला होता. तिने तो भराभर संपवला. बाहेर गोटू तिच्यासोबत उड्या मारायला वाट बघत होता.